घरामागचा हौद: पहिल्या वर्षी काय शिकायचं

वेंगुर्ला रोडला हिंडलग्याच्या पुढं आम्ही घर घेतलं, तेव्हा मी भेटेल त्याला हौसेनं सांगत होते, "मागं पूल आहे." शेजारच्या काकांनी विचारलं, "कुठल्या नदीवर?" त्यांचंही बरोबरच होतं. आपल्याकडं पूल म्हणजे मार्कंडेयवरचा, नाहीतर मलप्रभेवरचा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला 'हौद' म्हणायला सुरुवात केली, घरात आता तेच चालतं. म्हणून इथंही पोहायच्या पूलला हौदच म्हणते.

बेळगावच्या कडेला कुणी गोव्याहून परत येऊन, कुणी मिलिटरीतून रिटायर होऊन, कुणी पुण्याचा फ्लॅट विकून अशी घरं घेतंय. घर बघायला जाता तेव्हा हौद निळाशार असतो. चाव्या हातात पडून तीन आठवडे झाले की तो हिरवा होतो आणि मग धावाधाव सुरू होते. आमची झाली तशी तुमची होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या लोकांची खरी अडचण अशी की आपण पाणी ओळखायला शिकलो ते विहिरीवर. पाठीला डबा बांधून पहिली उडी मारली ती विहिरीत. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खणली, तिला शंभर वर्षं होऊन गेली. तेव्हा पाणी म्हटलं की आपलं आपण राहतं असंच मनात बसलेलं असतं. पण विहिरीला झरा असतो. पाणी आत येतं, बाहेर जातं, मासे डासांच्या अळ्या खातात. काकांनी आमच्या हौदात डोकावून पहिला प्रश्न तोच केला होता, "हेला झरा कुठं हाय वैनी?" झरा नाही. झऱ्याचं काम पंप करतो, माशांचं काम क्लोरीन करतं आणि दोघांवर लक्ष ठेवायचं काम तुमचं.

आधी हौद मोजा

औषध आणायला दुकानात जाण्याआधी टेप घेऊन हौदावर जा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत घ्या. उथळ बाजू आणि खोल बाजू यांची बेरीज करून निम्मी केली की सरासरी निघते. तिन्हींचा गुणाकार करून त्याला २८.३ नं गुणा, लिटर मिळतात. आमचा हौद २४ फूट लांब, १२ फूट रुंद, एका बाजूला साडेतीन आणि दुसऱ्या बाजूला साडेपाच फूट खोल. म्हणजे सरासरी साडेचार. २४ गुणिले १२ गुणिले ४.५ म्हणजे १,२९६ घनफूट, साधारण ३६,७०० लिटर.

हा आकडा पंपाच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवा. पुढचं सगळं यावर आहे. औषधांचा हिशेब पीपीएममध्ये असतो आणि पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम, बस्स. आमच्या हौदात क्लोरीन १ पीपीएमनं वाढवायचं तर शुद्ध क्लोरीन ३७ ग्रॅम लागतं. पहिल्या वर्षी मी हा हिशेब न करता "दोन मग टाका" या सल्ल्यावर चालले. कुणाचा मग, केवढा मग?

पंपाच्या खोलीत अर्धा तास

शक्य असेल तर आधीच्या मालकाला किंवा त्यांच्या माणसाला तिथं उभं करून सगळं चालवून घ्या आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा. आम्ही काढला नाही. पंपाच्या बाजूला वाळूचा फिल्टर असतो, मोठ्या रांजणासारखा. त्याच्यावर सहा जागा असलेला मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह आणि एक प्रेशरचा काटा. पाणी हौदाच्या काठच्या स्किमरमधून, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडातून, आणि तळाच्या जाळीतून येतं, पंपाच्या आधीच्या टोपलीत पानं अडकतात, वाळूतून गाळून परत जातं.

मल्टिपोर्टचा दांडा पंप चालू असताना कधीही फिरवायचा नाही. आतली रबरी सील फाटते आणि मग फिल्टरवर ठेवलेलं असतानाही थोडं पाणी बॅकवॉशच्या, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुण्याच्या, पाइपानं निघून जात राहतं. आमच्याकडं महिनाभर हे चाललं. पाणी कमी होतंय म्हणून आम्ही फरशीत भेग शोधत होतो.

वाळू नुकतीच धुतली असताना प्रेशरचा काटा कुठं आहे ते बघून तिथं मार्करनं खूण करा. आमच्याकडं ती १२ पीएसआय आहे. काटा त्या खुणेपेक्षा ८ ते १० पीएसआयनं चढला की बॅकवॉशची वेळ झाली. पंप बंद, दांडा बॅकवॉशवर, पंप चालू, काचेच्या छोट्या नळीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं. पंप बंद, दांडा रिन्सवर, अर्धा-एक मिनिट. पुन्हा पंप बंद, दांडा फिल्टरवर. आठवड्याला एकदा म्हणून डोळे मिटून करू नका. किंचित मळलेली वाळू धुतलेल्या वाळूपेक्षा बारीक कचरा चांगला अडवते, आणि प्रत्येक बॅकवॉशला तीन-चारशे लिटर पाणी जातं. एप्रिलमध्ये टँकर मागवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ते पाणी शोषखड्ड्यात सोडा, गुलाबाच्या वाफ्यात नको. वाळू पाच ते सात वर्षांनी बदलावी लागते. घर जुनं असेल तर कधी बदलली होती ते विचारून घ्या.

पंप किती वेळ चालवायचा? उन्हाळ्यात सगळं पाणी दिवसातून निदान एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे. आमचा पंप एक एचपीचा, त्याला सहा-सात तास लागतात. उन्हाळ्यात आठ तास, थंडीत चार-पाच. एक एचपी आठ तास म्हणजे दिवसाला सहा युनिटच्या आसपास, महिन्याला १८०. घर घेण्याआधी हेस्कॉमचं बिल मागून बघायचं असतं, हे मला नंतर सुचलं. लाईट जाते-येते, म्हणून टायमर लावताना बॅटरी असलेलाच घ्या, नाहीतर दुपारचा पंप मध्यरात्री सुरू होतो आणि शेजारी उठून बसतात.

याच खोलीत आणखी एक तपासायचं. पंप आणि पाण्याखालचे दिवे यांच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे का? नसेल तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा, पोहणं नंतर. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे हवेत. मोटर जळाली तर घाबरू नका, उद्यमबागेत मोटर भरून देणाऱ्यांना तोटा नाही.

चार आकडे

थेंबांचं किट किंवा पट्ट्या ऑनलाइन मिळतात. थेंबांच्या स्वस्त किटमध्ये पाणी पिवळं होतं, ते एकूण क्लोरीन दाखवतं. कामाचं क्लोरीन वेगळं मोजायचं तर गुलाबी रंग येणारं डीपीडी किट घ्या. जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. पाणी घेताना कोपरापर्यंत हात बुडवून घ्या, पाणी आत येणाऱ्या तोंडापासून लांब.

पहिला आकडा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा, ७.२ ते ७.६. सगळे क्लोरीनच्या मागं लागतात, पण पीएच बिघडला तर क्लोरीन असून नसल्यासारखं. ७.५ ला टाकलेल्या क्लोरीनपैकी साधारण निम्मं जंतू मारायच्या रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे पीएच ८ असताना ओतलेल्या डब्यातला पाऊण डबा नुसता बसून राहतो. पीएच खूप खाली गेला तर डोळे चुरचुरतात आणि फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं.

दुसरा क्लोरीन, १ ते ३ पीपीएम. इथं एक गैरसमज काढून टाका. क्लोरीनचा उग्र वास आला की लोक म्हणतात जास्त झालं. तो वास बहुतेक वेळा घाम-लघवीशी लढून थकलेल्या क्लोरीनचा असतो. म्हणजे ते कमी पडतंय, आणखी टाकायला हवं. ताज्या, पुरेशा क्लोरीनच्या पाण्याला फारसा वास येत नाही.

तिसरी अल्कलिनिटी, ८० ते १२०. ही पीएचला धरून ठेवते. ही घसरली की पीएच सकाळी एक आणि संध्याकाळी एक. वाढवायला खाण्याचा सोडा चालतो, तोच, भज्यांतला. रविवार पेठेत पोत्यानं आणा, 'पूल' असं लिहिलेल्या डब्यातला घेऊ नका. आमच्या हौदाला १० पीपीएम वाढवायला सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास लागतो.

चौथा स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक अॅसिड, ३० ते ५०. उघड्या हौदात उन्हानं क्लोरीन उडून जातं, दोन तासांत निम्म्याहून जास्त. स्टॅबिलायझर त्याच्यावर छत्री धरतो. छत्री फार मोठी झाली तर खाली क्लोरीनला कामच करू देत नाही.

हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, महिन्यातून एकदा बघितली तरी पुरते, २०० ते ४०० चालते. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत फरक आहे हे तुमच्या बाथरूमच्या नळांवरच्या पांढऱ्या थराला आधीच माहीत असतं.

औषध कुठलं आणि किती

क्लोरीन तीन रूपांत मिळतं. पातळ हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), दाणेदार ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि २०० ग्रॅमच्या गोळ्या, ज्यांना टीसीसीए ९० म्हणतात. आमच्या ३६,७०० लिटरला १ पीपीएम वाढवायचं तर १० टक्क्यांचं पातळ हायपो ३७० मिलिलिटर, दाणेदार ५६ ग्रॅम, गोळी असेल तर ४१ ग्रॅम. तुमच्या लिटरांप्रमाणे हे कमी-जास्त करून घ्या.

गोळी सगळ्यांना आवडते, तरंगत्या डब्यात घालून ठेवली की चार-पाच दिवस बघायला नको. पण गोळीत क्लोरीनबरोबर स्टॅबिलायझरही असतो. आमच्या हौदात एक गोळी विरघळली की स्टॅबिलायझर ३ पीपीएमनं वाढतो. दहा गोळ्या म्हणजे ३०. आठवड्याला दोन गोळ्या धरल्या तर ऑक्टोबर ते मे या काळात जवळजवळ सत्तर गोळ्या, २०० पीपीएमच्या वर! क्लोरीन उडतं, स्टॅबिलायझर उडत नाही. मग मार्चमध्ये क्लोरीन भरपूर दिसतं आणि पाणी तरी हिरवट. उपाय एकच, निम्मं पाणी काढून नवं भरणं, आणि तेही नेमकं टंचाईत. म्हणून माझं मत असं की गोळी गावाला जाताना वापरा, रोजच्याला पातळ किंवा दाणेदार. दाणेदारमुळं पाण्यात कॅल्शियम वाढतं, तेव्हा बोअर जड असेल तर पातळच बरं. पातळ हायपो उन्हात ठेवलं की त्याचा दम जातो, पंधरा दिवसांपुरतंच आणा.

क्लोरीन टाकायची वेळ सूर्य मावळल्यावर, पंप चालू ठेवून. दाणेदार असेल तर बादलीत आधी पाणी घ्या, मग त्यात दाणे. उलटं कधीच नाही. गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ हौदाच्या कडेनं फिरत ओता.

पीएच उतरवायला म्युरिअॅटिक अॅसिड. आमच्याएवढ्या हौदाला पाव लिटरनं सुरुवात करा, खोल बाजूला, पाण्याजवळ धरून, हळू. रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, वाऱ्याकडं पाठ करून. चार तासांनी पुन्हा मोजा आणि लागलं तरच आणखी. एका दिवसात आकडा गाठायचा हट्ट नको.

आता हे मात्र मोठ्या अक्षरात लिहून दारावर चिकटवा: अॅसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. गोळ्या आणि दाणेदार क्लोरीन एकत्र आले की पेट घेऊ शकतात, स्फोट होऊ शकतो. दोन्हीला 'क्लोरीन' म्हणतात म्हणून लोक एकाच डब्यात, एकाच मापानं घालतात. माप वेगळं, डबा वेगळा, फळी वेगळी. अॅसिड दुसऱ्या जागी, जमिनीवर. डिझेल, ऑइल, शेतातली फवारणीची औषधं, रद्दी, यांतलं काही त्या खोलीत नको. जागा कोरडी आणि वारा खेळता हवी. जिन्याखालची खोपटी त्याला चालत नाही.

रोजचं आणि आठवड्याचं

रोज सकाळी चहा घेऊन एक फेरी. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यावर आहे का, काटा कुठं आहे, तळ दिसतो का. लांब दांड्याच्या जाळीनं पानं काढा. स्किमरची टोपली काढण्याआधी काठीनं हलवून बघा, हात घालू नका. बेडूक असतो, कधी विंचू, आणि दोनदा पाणदिवड निघाली आहे. पाण्यात पडलेल्या जनावराला वर यायला काठाला सुंभाचा जाड दोर किंवा फळी तिरकी टाकून ठेवा. मेलेली धामण जाळीनं काढण्यापेक्षा हे सोपं.

पीएच आणि क्लोरीन उन्हाळ्यात रोज, एरवी दिवसाआड. आठवड्यातून एकदा भिंती ब्रशनं घासा, पायऱ्यांचे कोपरे आणि शिडीच्या मागची जागा सोडू नका. शेवाळ तिथूनच सुरू होतं. मग तळाला व्हॅक्यूम. व्हॅक्यूमचा होज आधी पाण्यानं पूर्ण भरून घ्यायचा, आत हवा राहिली तर पंप खेचत नाही. दांडा हळू ओढा, केर काढल्यासारखा भराभर नको, गाळ उठतो.

झाडांचं म्हणाल तर आमच्याकडं आंबा आणि दोन सिल्व्हर ओक. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर गळतो तेव्हा पाण्यावर पिवळसर पीठ पसरतं, ते फिल्टरमधूनही निसटतं. टोपलीला बायकांचा जुना पातळ मोजा घातला की अडकतं. आंबा तोडायचा सल्ला चार जणांनी दिला. हौदासाठी आंबा तोडणारे लोक वेगळे.

उन्हाळ्यात पाणी रोज पाच-सहा मिलिमीटर आटतं. आमच्याएवढ्या हौदातून म्हणजे रोज १३० ते १६० लिटर. त्याहून जास्त कमी होतंय असं वाटलं तर बादलीची परीक्षा करा. पायरीवर बादली ठेवा, आत हौदाइतक्याच पातळीपर्यंत पाणी, दोन्हीकडं खूण. २४ तासांनी दोन्ही सारखे उतरले तर ऊन, हौद जास्त उतरला तर गळती.

बोअरचं पाणी आणि चहा

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही बोअरनं हौद भरला. पाणी काचेसारखं. संध्याकाळी क्लोरीन टाकलं आणि तासाभरात हौदभर कोरा चहा! बोअरच्या पाण्यातलं विरघळलेलं लोखंड क्लोरीन लागलं की गंजून बाहेर येतं. आपल्या तांबड्या मातीच्या, जांभ्या दगडाच्या पट्ट्यात याची तयारी ठेवा. भरण्याआधी एका पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी घेऊन चमचाभर हायपो टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी रंग आला असेल तर भरतानाच हे होणार असं समजा.

सोडवणूक तुरटीनं झाली, विहिरीचा गढूळपणा जिच्यानं घालवतात त्याच तुरटीनं. हजार लिटरला २० ते २५ ग्रॅम, आधी बादलीत विरघळवून. दांडा रिसर्क्युलेटवर ठेवून तासभर फिरवायचं, म्हणजे पाणी वाळूतून जात नाही. मग पंप बंद करून रात्रभर कुणी पाण्याला हात लावायचा नाही. सकाळी तळावर तांबडा गालिचा बसलेला असतो. तो व्हॅक्यूमनं, दांडा 'वेस्ट'वर ठेवून, थेट बाहेर. फिल्टरवर ठेवलात तर सगळी वाळू चिकट होते. तुरटीनं पीएच आणि अल्कलिनिटी खाली येते, नंतर दोन्ही मोजा.

हिरवं झालं तर

होणारच, एकदा तरी. आमचं झालं तेव्हा भाचा शेतात बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद घेऊन आला. शेवाळ गेलं, खरं आहे. पण तांबं भिंतीवर उतरलं, ते निळे-काळे डाग अजून तसेच आहेत, पाहुणे विचारतात. मोरचूद टाकू नका.

आधी पानं आणि तळचा गाळ काढा, कारण क्लोरीन शेवाळापेक्षा पानं खाण्यातच संपतं. मग पीएच मोजून ७.२ ते ७.४ वर आणा. हे क्लोरीनच्या आधीच करायचं, कारण क्लोरीन १० च्या वर गेलं की किटमधला पीएचचा रंग खोटं बोलतो. भिंती घासा. संध्याकाळी क्लोरीन १० पीपीएमपर्यंत न्या, आमच्याकडं दाणेदार ५६५ ग्रॅम. पंप रात्रंदिवस चालू. काटा चढला की बॅकवॉश. दुसऱ्या दिवशी पाणी हिरव्याचं राखाडी झालं तर समजा शेवाळ मेलं, आता नुसतं गाळायचं आहे. हिरवंच असेल तर पुन्हा क्लोरीन, पुन्हा घासणं. रात्री झोपताना आणि पहाटे ऊन पडण्याआधी क्लोरीन मोजा, फरक १ पीपीएमच्या आत आला की लढाई संपली. चार-पाच दिवस लागतात. क्लोरीन ४ च्या खाली आल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडू नका, मुलं कितीही रडली तरी.

मुलं

याला मोजमाप नाही. चार फूट उंच कुंपण, चढायला आडव्या पट्ट्या नसलेलं, आणि आपोआप मिटणारं फाटक, कडी वरच्या बाजूला. घराचं मागचं दार थेट हौदावर उघडत असेल तर तिथंही वरती कडी. शेजारची मुलं येणार, कारण त्यांच्याकडं हौद नाही. मोठा माणूस काठावर, फोन घरात. दोर आणि ट्यूब भिंतीला टांगलेली, कुलूप न लावता. तळाच्या जाळीचं झाकण तुटलेलं किंवा सैल असेल तर त्या दिवशी पोहणं बंद, पंपाच्या ओढीत लांब केस अडकतात.

पाण्यात उतरण्याआधी अंगावर दोन तांबे पाणी. तेल लावलेल्या डोक्यानं उतरायचं नाही. मे महिन्यात सगळे नातेवाईक येतात आणि पाण्यावर खोबरेल तरंगतं, ती रेघ फरशीवरून सोड्यानं घासून काढावी लागते. जुलाब झालेल्या माणसाला पूर्ण बरं होईपर्यंत काठावर बसवा.

पावसाळा

मृगाचा पाऊस सुरू झाला की अनेक जण म्हणतात, पोहायचं तर नाही, रिकामा करून टाकू. हे करू नका. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये विहिरी काठापर्यंत येतात, म्हणजे तेवढंच पाणी हौदाच्या बाहेरच्या मातीतही आहे. आतलं पाणी त्याला दाबून धरतं. रिकामा हौद होडीसारखा वर उचलला जातो, तळ फुगतो, फरशा तडकतात. डागडुजीसाठी रिकामा करायचाच तर एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या आधी.

बेळगावला पावसाळ्यात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खानापूरकडं त्याहून कितीतरी जास्त. हजार मिलिमीटर म्हणजे मीटरभर पाणी, आणि आमच्या हौदाची सरासरी खोली जेमतेम १.३७ मीटर. तेवढं पाणी वरून येतं आणि तेवढंच काठावरून वाहून जातं. म्हणजे चार महिन्यांत हौद बराचसा बदललेला असतो. साठलेला स्टॅबिलायझर बराचसा फुकटात निघून जातो, ही चांगली बाजू. वाईट बाजू अशी की पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी आणि कॅल्शियम नसल्यासारखंच, त्यामुळं दोन्ही घसरतात आणि पाणी सिमेंट खायला लागतं. पंधरा दिवसांनी एकदा सोडा टाकावा लागतो. पंप रोज दोन-तीन तास तरी चालवा. थांबलेल्या, क्लोरीन संपलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यूच्या दिवसांत दारावर येणारे आरोग्य खात्याचे लोक हौद बघणारच. अंगणातलं तांबडं पाणी हौदात वाहून येत असेल तर काठाला विटेची आडी घाला, पहिल्याच आठवड्यात.

आणि गणपती. आमच्याकडं पहिल्या वर्षी तीन घरांतून निरोप आले, "कपिलेश्वर तलावावर गर्दी असते, तुमच्याच हौदात सोडतो." नाही म्हणणं जड जातं. पण शाडूची माती सगळी फिल्टरच्या वाळूत जाऊन बसते, आणि प्लास्टरची मूर्ती तर विचारूच नका. आम्ही काठावर दोनशे लिटरचं पिंप ठेवतो, हौदातलंच पाणी भरून, फुलं लावून. आरती हौदाजवळ, विसर्जन पिंपात. सासूबाईंनाही आता तेच आवडतं, माती तुळशीला जाते.

गावाला जाताना

आठ-दहा दिवस बाहेर जायचं असेल तर निघण्याआधी घासून, व्हॅक्यूम करून, बॅकवॉश करून क्लोरीन ३ वर ठेवा, तरंगत्या डब्यात दोन गोळ्या, टायमर लावून. पाण्याची पातळी स्किमरच्या खाली गेली तर पंप हवा ओढून जळतो, म्हणून शेजारी कुणाला तरी दिवसाआड बघायला सांगा. मी पंपाच्या खोलीत काट्यावर हिरवी आणि लाल पट्टी चिकटवली आहे, लाल दिसली तर पंप बंद करून फोन करा, एवढंच काकांना सांगितलं.

गेल्या दिवाळीत आम्ही पुण्याला होतो. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "वैनी, काटा हिरव्यात हाय. तळ दिसतंय. बेडूक दोन होते, काढून विहिरीत सोडले."